महाराष्ट्रातील आयुध निर्माण्या : संशोधन आणि उत्पादन

महाराष्ट्रातील आयुध निर्माण्या हे शस्त्रास्त्रांचे सुटे भाग, दारूगोळा व स्फोटके तयार करणारे भारत सरकारच्या मालकीचे दहा कारखाने आहेत. खडकी व अंबरनाथ येथे प्रत्येकी दोन, तर देहूरोड, वरणगाव, भुसावळ, अंबाझरी, भद्रावती व जवाहरनगर येथे प्रत्येकी एक कारखाना आहे. २०२१ मध्ये त्यांचे सरकारी कंपन्यांत रूपांतर झाले. त्यामुळे कारभाराची चौकट बदलली. मात्र प्रयोगशाळेतील आराखडा कारखान्यात वेळेवर व सुरक्षितपणे उतरविण्याचा जुना प्रश्न सुटलेला नाही.

पार्श्वभूमी

खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ मध्ये स्थापन झाला. स्वातंत्र्यानंतर, १९५८ मध्ये, संरक्षण संशोधन व विकास संघटना अस्तित्वात आली. तिच्या दोन महत्त्वाच्या संस्था पुण्यात आहेत : शस्त्रास्त्रांचे आराखडे करणारी पाषाण येथील ‘एआरडीई’ आणि स्फोटके व प्रणोदकांवर संशोधन करणारी सुतारवाडी येथील ‘एचईएमआरएल’. संशोधनसंस्था व कारखाने एकाच मंत्रालयाच्या दोन वेगवेगळ्या विभागांच्या अखत्यारीत येतात. एखाद्या शस्त्रात दोष आढळल्यास तो आराखड्याचा की उत्पादनाचा, हे ठरविणे या विभागणीमुळे अवघड होते.

पिनाका

शिवधनुष्याचे नाव धारण करणारी पिनाका ही अग्निबाण प्रणाली या दोन्ही अंगांच्या सहकार्याचे ठळक उदाहरण होय. ‘एआरडीई’ने १९८०च्या दशकात तिचे काम हाती घेतले आणि १९९९च्या कारगिल युद्धात ती वापरली गेली. तिचा एक प्रक्षेपक ४४ सेकंदांत १२ अग्निबाण सोडतो. मूळ अग्निबाणाचा पल्ला सुमारे ३८ किलोमीटर होता. दिशानियंत्रित आवृत्तीचा पल्ला सुमारे ७५ किलोमीटर आहे.

निगमीकरण

१ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन देशातील ४१ कारखाने सात कंपन्यांत विभागले गेले. राज्यातील सहा कारखाने पुण्याच्या म्युनिशन्स इंडियाकडे, तर अंबरनाथचा एक, भुसावळ व अंबाझरी हे तीन कारखाने नागपूरच्या यंत्र इंडियाकडे आले. स्वायत्तता, उत्तरदायित्व व कार्यक्षमता वाढविणे हा सरकारचा घोषित हेतू होता. कामगार संघटनांनी या निर्णयास विरोध केला. त्याच वर्षी अत्यावश्यक संरक्षण सेवांतील संपावर बंदी घालण्याचा अधिकार सरकारला देणारा कायदा झाला. कर्मचाऱ्यांना प्रतिनियुक्तीवर नव्या कंपन्यांकडे पाठविण्यात आले.

सद्यस्थिती

पूर्वी सैन्याची मागणी बहुतांशी थेट या कारखान्यांकडे येत असे. आता त्यांना खासगी उद्योगांशी स्पर्धा करावी लागते. फेब्रुवारी २०२५ मध्ये पिनाकाच्या अग्निबाणांसाठी १०,१४७ कोटी रुपयांचे करार झाले, तेव्हा ते म्युनिशन्स इंडियाबरोबरच नागपूरच्या इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्ज या खासगी कंपनीशीही करण्यात आले. सरकारी प्रयोगशाळेचे तंत्रज्ञान आता दोन्ही क्षेत्रांना उपलब्ध आहे.

तत्पूर्वी काही दिवस, २४ जानेवारी २०२५ रोजी, भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगरच्या निर्माणीत स्फोट होऊन किमान आठ जणांचा मृत्यू झाला.

मूल्यमापन

स्पर्धेमुळे किंमत व पुरवठ्याच्या मुदतीबाबत शिस्त येऊ शकते. परंतु युद्धकाळात दारूगोळ्याची मागणी एकाएकी वाढते आणि शांततेत ती ओसरते. शांततेच्या काळात रिकामी राहणारी उत्पादनक्षमता केवळ नफ्याच्या हिशेबाने टिकविणे कठीण असते. कुशल कामगार व सुरक्षिततेवरील खर्च हेही त्याच क्षमतेचे भाग आहेत. म्हणून निगमीकरणाचे यश केवळ ताळेबंदावरून ठरविता येणार नाही. नवे आराखडे किती लवकर सैन्याच्या हाती पडतात आणि ते घडविणारे कामगार किती सुरक्षित राहतात, हेही त्याचे निकष ठरतात.