गंमत कोणाची, घाम कोणाचा?

गाजराची फुले कापा. काकडीची आगगाडी करा. बीट किसून गुलाबी पुऱ्या लाटा. पालक कणकेत अशा बेताने मिसळा की मुलाला पत्ताच लागू नये!

मुलांना भाज्या खायला लावण्याच्या अशा 'गमतीदार युक्त्या' मासिकांतून, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून आणि आता मोबाइलवरूनही अखंड येत असतात. कापा, किसा, लाटा, मिसळा. कोणी? कर्ता अध्याहृत. ती बाईच असणार, हे सांगण्याचीही कोणाला गरज वाटत नाही.

मुलांनी भाज्या खाव्यात याबद्दल माझा वाद नाही. वाद आहे तो गंमत कोणाची आणि घाम कोणाचा, याबद्दल. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे जातात, पुरुषांची ८८. शिवाय दिवसभरात घरकामाला हात लावणारे पुरुष मुळात शंभरात सत्तावीसच. या २८९ मिनिटांत आता काकडीची आगगाडीही बसवायची. एवढे करून मूल जेवले नाही, तर 'आईला वळण लावता आले नाही' हा शेरा तयारच!

बरे, या युक्त्यांनी मूल भाजी खायला शिकते का? लपवलेला पालक पोटात जातो हे खरे, पण मुलाची पालकाशी ओळख होत नाही. कडवट, अनोळखी चव नाकारणे हा लहान मुलाचा स्वभावच आहे. ती चव थोडी थोडी, जबरदस्ती न करता आठ-दहा, कधी पंधरा वेळा समोर यावी लागते, मग कुठे ती आपलीशी होते. शिवाय मूल शिकते ते बघून. बापाने ताटातला दुधी बाजूला सारला की आईची सगळी गाजरफुले फुकट जातात.

नाक मुरडण्याचा हक्कही आपल्या घरांत सारखा वाटलेला नाही. 'ह्यांना कारलं चालत नाही', 'बाळूला वांगं आवडत नाही' म्हणून त्या भाज्या घरात येणेच बंद होते. मुलीने तोंड वाकडे केले तर? 'ताटात पडेल ते खावं, उद्या सासरी कसं होईल?' एकाच पंगतीत मुलगा आवडीनिवडी शिकतो आणि मुलगी त्या गिळायला शिकते.

आणखी एक गोष्ट या सदरांतून कधीच येत नाही. अमेरिकेत २००१ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गरोदरपणी किंवा अंगावर पाजत असताना ज्यांच्या आयांनी गाजराचा रस घेतला होता, त्या बाळांनी वरचे अन्न सुरू झाल्यावर गाजराच्या चवीला कमी तोंडे वाकडी केली. म्हणजे भाजीची पहिली ओळख आईच्या ताटातून होते. आणि आपल्याकडे त्या ताटात काय असते? सगळ्यांची जेवणे उरकल्यावर पातेल्याच्या तळाचा रस्सा, नाहीतर चटणी-भाकरी. बाळंतिणीला तर हे वातूळ, ते थंड म्हणत निम्म्या भाज्या बंद! मुलाने भाजी खावी असे खरेच वाटत असेल, तर आधी आईला वाढा.

गंमत मलाही हवी आहे, पण ती सगळ्या घराची असू दे. बापाने मुलांना बाजारात न्यावे आणि एक भाजी त्यांना निवडू द्यावी. वाटाणे सोलायला, मेथी निवडायला मुलगा-मुलगी दोघांनी बसावे. निम्मे वाटाणे सोलतानाच तोंडात जातील, जाऊ देत. फुटक्या बादलीत मेथ्या पेराव्यात. स्वतः पाणी घातलेली मेथी ताटात आली की ती परकी राहत नाही.

पण युक्ती करायला आधी भाजी परवडायला हवी. म्हणून हा प्रश्न घराच्या उंबऱ्याशी संपत नाही. शालेय पोषण आहाराच्या निकषांनुसार पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलाला रोज ५० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला ७५ ग्रॅम भाजी मिळायला हवी. आपल्या गावच्या खिचडीत ती पडते का? शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या बायका असाव्यात, असा नियम आहे. तिथे बसून हे विचारायला हवे. घरी नाक मुरडणारी मुले शाळेच्या पंगतीत एकमेकांचे बघून खातात, आणि तिथे कोणाला काकडीची आगगाडी करावी लागत नाही. ती पंगत रांधणाऱ्या बाईच्या कष्टांना मात्र 'मानधन' नव्हे, मजुरी मिळाली पाहिजे.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या वेळी कोणी युक्ती सांगायला आले, तर एवढेच विचारा : ही कोण करणार? आणि जेवायला शेवटी कोण बसणार?