उशिरा आलेल्या मुलाला आधी वर्गात घ्या

जूनमध्ये शाळांच्या दैनंदिनी छापून येतात. पहिल्या पानांवर प्रतिज्ञा, मग सुट्ट्यांची यादी आणि त्यापुढे विद्यार्थ्यांसाठीचे नियम: गणवेश, केस, नखं, मोबाइल, गैरहजेरी. त्यात एक कलम हमखास सापडतं, ‘उशिरा येणाऱ्या विद्यार्थ्यास वर्गात प्रवेश दिला जाणार नाही.’ तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत मी नोकरीभर शिकवलं, निवृत्त झाले ती मुख्याध्यापिका म्हणून. त्या अनुभवावरून सांगते, हे कलम खोडून टाकायला हवं.

ते अमलात कसं येतं पाहा. राष्ट्रगीताआधी फाटक लावलं जातं. परिपाठ संपेपर्यंत उशिरा आलेली मुलं रस्त्यावर उभी. मग पी.टी.चे सर त्यांना आत घेऊन रांगेत उभं करतात. छडी बऱ्याच शाळांतून गेली. मैदानाला फेऱ्या, उठाबशा, अंगठे धरून उभं राहणं मात्र टिकून आहे. यात पहिला तास जातो. हा तास बहुधा गणिताचा किंवा इंग्रजीचा असतो. ज्या विषयात मूल आधीच कच्चं, त्याच विषयाचा तास शाळा आपल्या हाताने बुडवते.

आमच्याकडे उशिराची एक वही होती. नाव, इयत्ता, सही एवढेच रकाने. मुख्याध्यापिका झाल्यावर मी त्यात ‘कारण’ हा रकाना आखला आणि तो मुलांनीच भरायचा असं ठरवलं. ‘गाडी डेपोतूनच सुटली नाही.’ ‘डेअरीला दूध घालून आलो.’ ‘आई कापूस वेचायला गेली.’ आठवीतल्या एका मुलीचं नाव त्यात सारखं दिसायचं. जवळ बसवून विचारलं तेव्हा म्हणाली, “बाई, भावाला अंगणवाडीत सोडून येते.” अंगणवाडी दहाला उघडायची, शाळा साडेदहाची, आणि मधलं अंतर भरभर चाललं तरी अर्ध्या तासात कापलं जात नव्हतं. अंगणवाडी सेविका त्याच आळीत राहायच्या. त्यांना भेटून बोलले. त्या भावाला थोडा वेळ आधी स्वतःच्या घरी ठेवून घेऊ लागल्या आणि मुलीचा उशीर थांबला. तिला फेऱ्या मारायला लावून अंगणवाडी लवकर उघडली नसती.

टपरीवर रेंगाळणारी, मैदानात क्रिकेट खेळत बसणारी मुलंही वहीत होती. त्यांना जाब विचारायलाच हवा. मधल्या सुट्टीत बसवून बुडालेला भाग पुरा करून घ्या, पालकांना बोलावून घ्या. पण कोणाची गाडी चुकली आणि कोण रेंगाळलं, हे फाटकावर उभं राहून कळत नाही. शिक्षा मात्र तिथेच, सरसकट होते.

ती कुठवर जाऊ शकते, हे आपण पाहिलं आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये वसईतल्या एका सहावीच्या मुलीला उशिरा आल्याबद्दल उठाबशा काढायला लावल्याचा आरोप झाला. काही दिवसांत ती मुलगी गेली. त्या प्रकरणाचा न्याय कायद्याने होईल. पण अशा उठाबशा कुठल्याच शाळेत काढायला लावता कामा नयेत, हे ठरवायला निकालाची वाट कशाला पाहायची?

कायदा तर स्पष्ट आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचं १७वं कलम शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई करतं, आणि ती मोडणाऱ्यावर सेवानियमांप्रमाणे कारवाई सांगतं. हा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांपुरता आहे. पण पंधरा वर्षांच्या दहावीतल्या मुलाचा मान आठवीतल्या मुलापेक्षा कमी कसा? शाळेने आपल्या नियमांत दोघांना एकच वागणूक द्यावी.

सरकारनेही मुलांच्या वेळेचा विचार केला आहे. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाला. मुलांची झोप पुरी होत नाही, हे त्यामागचं कारण. खेड्यातल्या मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो, मुलांना सवलतीत. मूल एसटीने येतं हे सरकारला ठाऊक आहे, मग एसटी रखडली तर मुलाने अंगठे का धरायचे?

शिक्षक मित्र म्हणतील, हातातलं सगळंच काढून घेतलं तर साठ मुलांचा वर्ग आवरायचा कसा? ही अडचण खरी आहे. वर्ग मोठे आहेत, त्यात निवडणुकीची कामं आणि सर्वेक्षणं. पण फेऱ्या मारायला लावून वर्ग आवरत नाही, तो तास सुरू होताच शिक्षक फळ्यापाशी असले की आवरतो. ज्या सरांच्या तासाला काही सुटलं तर हळहळ वाटावी, त्यांच्या तासाला मुलं धावत येतात, हे प्रत्येक शाळेत दिसतं.

नियम कोणी करायचे, हेही बदलायला हवं. सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश पालक असतात, एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. कापूस वेचायला जाणाऱ्या आया तिथे आहेत, पण बऱ्याच ठिकाणी त्यांच्याकडून नुसत्या सह्या घेतल्या जातात. नियमांचा मसुदा त्यांच्यापुढे वाचून दाखवा. वर्गप्रतिनिधींनाही बोलवा. उशीर का होतो, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत?

येत्या जूनच्या दैनंदिनीत जुन्या कलमाच्या जागी एवढंच छापावं: ‘उशिरा आलेला विद्यार्थी आधी वर्गात बसेल. कारण मधल्या सुट्टीत विचारलं जाईल. एकाच कारणाने पुन्हा पुन्हा उशीर झाला, तर वर्गशिक्षक पालकांना भेटून मार्ग काढतील.’ यात सवलत कोणालाच नाही. मुलावर वेळेवर येण्याची जबाबदारी आहे, आणि त्याला वेळेवर येता यावं ही जबाबदारी शाळेने आपल्याकडे घेतली आहे.