दिवा विझला, झडप उघडीच

दिवाळीला आठ दिवस उरले, की आमच्या लहानपणी आत्याबाई घरी येत. त्यांना आमंत्रण लागत नसे. आल्या आल्या पाय धुवून त्या थेट स्वयंपाकघरात पाट मांडून बसत आणि चकलीचा पहिला घाणा निघण्याची वाट पाहत. आई सांगू लागे, "वन्सं, भाजणी नेहमीच्याच मापाची आहे, मोहनसुद्धा मोजून घातलंय." त्यावर आत्याबाईंचे उत्तर ठरलेले असे : "माप राहू दे गं. माझ्यादेखत एक घाणा काढ."

एका वर्षी ताई पहिल्यांदाच एकटीने तळायला बसणार होती. आत्याबाईंनी तिला विचारले, "तेल फार तापलं आणि कढईनं पेट घेतला, तर काय करशील?" ताई चटकन म्हणाली, "पाणी ओतीन!" आई हसली. आत्याबाई हसल्या नाहीत. त्यांनी रिकामी कढई स्टोव्हवर ठेवायला लावली आणि आधी स्टोव्ह बंद करायचा, मग कढईवर परात पालथी घालायची, हे ताईकडून दहा वेळा करवून घेतले. "समजलं हो, समजलं," असे ताई कुरकुरली, तेव्हा त्या म्हणाल्या, "तुला समजलं, आता हाताला समजू दे." आणि मग आईकडे वळून, "अन् त्या वेळी तू कुठे असशील?" आईला उत्तर सुचले नाही. दुपारी ती घटकाभर पडलेली असणार, हे घरात सगळ्यांनाच ठाऊक होते.

हे सारे आठवायला निमित्त झाले ते एका अगदी निराळ्या बातमीचे. अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्यात सस्क्वेहाना नदीत थ्री माइल आयलंड नावाचे बेट आहे. तिथे दोन अणुभट्ट्या उभारलेल्या होत्या. त्यांतली पहिली २०१९ मध्ये परवडेना म्हणून बंद झाली होती. ती पुन्हा सुरू करून मायक्रोसॉफ्ट कंपनीला वीस वर्षे वीज पुरवायची, असे तिच्या मालकांनी सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केले. बातमीत यंत्रे दुरुस्त करण्याच्या खर्चाचे आकडे होते. आमच्या मनात मात्र आत्याबाईंचा प्रश्न आला. यंत्र तयार झाले हे यंत्राकडे पाहून कळेल. पण माणसे तयार आहेत की नाहीत, हे कोण आणि कसे पाहणार? आणि हा प्रश्न त्या बेटावर विचारण्याला तर फार मोठा अर्थ आहे.

कारण तिथली दुसरी भट्टी. ती ३० डिसेंबर १९७८ रोजी रीतसर वीज विकण्यास सिद्ध झाली. परवाने होते, कागद पुरे होते, चालकांच्या परीक्षा झालेल्या होत्या. तीन महिनेही पुरते उलटले नाहीत, तोच २८ मार्च १९७९ च्या पहाटे चारच्या सुमारास तिला पाणी पुरवणारे पंप थांबले. भट्टी काही सेकंदांत आपली आपण बंद झाली. इथपर्यंत सारे ठीक. पण बंद झालेली अणुभट्टी म्हणजे विझवलेली चूल नव्हे; आतले निखारे धगधगतच असतात आणि त्यांना पाणी लागतेच. दाब चढला, म्हणून दाब सोडणारी झडप उघडली. कुकरची शिटी वर उचलली जाते आणि वाफ गेली की खाली बसते, तशी ही झडप काही सेकंदांनी मिटायला हवी होती. ती अडकली आणि उघडीच राहिली.

समोरच्या फळीवरचा तिचा दिवा मात्र विझला! गंमत अशी, की त्या दिव्याचा अर्थ "झडप मिटली" असा नव्हताच. "झडपेला मिटण्याचा हुकूम गेला," एवढाच होता. हुकूम सुटला म्हणजे काम झाले, असे मानणाऱ्या कचेऱ्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. इथे तर खुद्द दिवाच त्या मताचा निघाला. नियंत्रण-कक्षातल्या चौघांनी दिवा पाहिला आणि झडप मिटली असे धरून चालले.

ही चार माणसे अडाणी होती असे कुणी समजू नये. चौघेही नौदलाच्या अणुविभागातून आलेले, परवानाधारक. पण त्यांना शिकवणीत एक भीती पक्की घातलेली होती : दाब राखणारी टाकी काठोकाठ भरू द्यायची नाही. आणि त्या पहाटे टाकीतली पातळी तर चढत होती. प्रत्यक्षात पाणी त्या उघड्या झडपेतून बाहेर चालले होते, आणि उरलेल्याची वाफ होऊन ते वर ढकलले जात होते. दूध उतू जाताना भांडे भरलेले दिसते, म्हणून काही दूध वाढलेले नसते. चौघांनी पातळी पाहिली आणि भट्टीत आपोआप सुरू झालेला आणीबाणीचा पाणीपुरवठा हाताने कमी केला. ताईचे पाणी ओतणे आणि यांचे पाणी तोडणे, दोन्ही सारखेच. पहिले सुचेल ते, आणि नेमके नको ते.

त्यात शंभरावर धोक्याच्या सूचना एकदम वाजू-लुकलुकू लागल्या. यंत्रातून नोंदी छापून येत होत्या, त्या घडणाऱ्या गोष्टींच्या कितीतरी मागे पडल्या. दोन तासांहून अधिक वेळ असा गेला. सकाळची पाळी घ्यायला एक पाळीप्रमुख आला. तो रात्रभर त्या गोंधळात बसलेला नव्हता. त्याने आकडे ताज्या डोळ्यांनी पाहिले आणि त्या झडपेच्या मागची दुसरी झडप बंद करायला लावली. तेव्हा सहा वाजून बावीस मिनिटे झाली होती. गळती थांबली, पण भट्टीच्या गाभ्याचा निम्मा-अर्धा भाग वितळण्याच्या वाटेला लागला होता, आणि हेही पुढे काही वर्षांनी आत कॅमेरा सोडला तेव्हा कळले. कुणी दगावले नाही, बाहेर गेलेला किरणोत्सार थोडा होता. तरी लाखाहून अधिक माणसे काही दिवस घरे सोडून गेली. ती भट्टी पुन्हा कधी पेटली नाही.

अध्यक्ष कार्टर यांनी चौकशीसाठी जॉन केमेनी यांच्या हाताखाली बारा जणांचे मंडळ नेमले. केमेनी हे डार्टमथ कॉलेजचे प्रमुख, गणिती, आणि संगणकाची बेसिक ही भाषा ज्या दोघांनी केली त्यांतले एक. ऑक्टोबर १९७९ मध्ये त्यांचा अहवाल आला. आम्हांला त्यातल्या दोन गोष्टी विसरता येत नाहीत. पहिली : चालकांच्या परवाना-परीक्षेत सर्व विषयांची सरासरी धरली जाई. म्हणजे आणीबाणीत काय करायचे, या भागात नापास झालेला मनुष्यही बाकीच्या गुणांच्या बळावर उत्तीर्ण होऊ शकत असे. (आमच्या वर्गातले गणिताचे वीर असेच मराठीच्या गुणांवर वर सरकत, पण त्यांच्या हाती कुणी अणुभट्टी दिली नाही.) दुसरी : सरावासाठी जो नकली नियंत्रण-कक्ष वापरत, त्यावर त्या पहाटेसारखी परिस्थिती उभी करताच येत नव्हती. जे कधी पाहिलेच नाही, ते हाताला समजणार कसे?

आणि तिसरी गोष्ट तर मन अस्वस्थ करणारी आहे. ओहायो राज्यातल्या डेव्हिस-बेसी या केंद्रात २४ सप्टेंबर १९७७ रोजी हीच झडप अशीच उघडी राहिली होती. तिथल्या चालकांनीही पाणी कमी करण्याची तीच चूक केली. पण भट्टी फार कमी शक्तीवर चालली होती आणि गळती वीसेक मिनिटांत ध्यानात आली, म्हणून निभावले. भट्टी बनवणाऱ्या कंपनीतल्या जाणत्या अभियंत्यांनी "सर्व चालकांना सावध करा," अशी टिपणे वरिष्ठांकडे लिहिली. टिपणे या टेबलावरून त्या टेबलावर गेली. थ्री माइल आयलंडच्या चौघांपर्यंत ती पोचलीच नाहीत. तेव्हा शिकवायचे कुणाला, हा प्रश्न चालकांपाशी थांबत नाही; टिपण हाती घेऊन बसलेल्या साहेबालाही शिकवावे लागते.

त्या वर्षाच्या डिसेंबरातच अमेरिकेतल्या अणुवीज कंपन्यांनी मिळून अटलांटा येथे एक संस्था काढली, ती "इन्पो" या आद्याक्षरांनी ओळखली जाते. तिची पथके देशातल्या प्रत्येक केंद्रावर जातात आणि पथकात इतर केंद्रांतली काम करणारी माणसे असतात. म्हणजे कारकून तपासायला येत नाही. रोज स्वतः तळणारीच दुसरीची चकली मोडून पाहते. पुढे केंद्रांतल्या शिक्षणक्रमांना मान्यता देण्याची व्यवस्था झाली, आणि ती मान्यता कायमची नसते, पुन्हा पुन्हा मिळवावी लागते. केंद्रांचे प्रमुख होणाऱ्यांसाठीही निराळा अभ्यासक्रम आहे. व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने १९८२ मध्ये अशीच पथके सुरू केली. त्यांतले पहिले पथक १९८३ च्या ऑगस्टात दक्षिण कोरियातल्या कोरी केंद्रावर गेले. पथक सुमारे तीन आठवडे मुक्काम ठोकते, आणि त्यात यजमान देशाचा माणूस घेत नाहीत. नवीन भट्टीत इंधन भरण्यापूर्वी जाणारे पथकही असते.

सर्वांत कडक नियम मात्र अमेरिकी ऊर्जा खात्याने आपल्या अणु-कारखान्यांपुरता केला. कोलोराडोतल्या रॉकी फ्लॅट्स येथील प्लुटोनियमचे काम १९८९ मध्ये सुरक्षिततेच्या प्रश्नांमुळे थांबले, आणि ते पुन्हा सुरू करण्याचा विषय निघाला, तेव्हा देखरेखीच्या मंडळाने स्वतंत्र तपासणीचा आग्रह धरला. त्यातून पुढे खात्याचा रीतसर आदेशच निघाला. त्याचा गाभा असा : आधी कारखान्याच्या प्रमुखाने "आम्ही तयार आहोत," असे लिहून द्यायचे. मगच पथक येणार. पथक तयारी करून द्यायला येत नाही, तयारी आहे की नाही एवढेच पाहते. या एका अटीने किती साहेबांची झोप उडाली असेल! कारण आजवर आपल्याकडची काय, त्यांच्याकडची काय, रीत अशीच, की तपासनीस येईल, चुका काढील, त्या आपण दुरुस्त करू, आणि त्याचीच शाबासकी घेऊ. आता अर्धवट तयारीवर सही केली, तर उणीव यंत्राची नव्हे, सही करणाराची ठरणार.

पथकाच्या माणसांनाही शिकवावे लागते, हे ऐकून आम्हांला प्रथम नवल वाटले. पण ते खरे आहे. उत्तम अभियंता हा उत्तम परीक्षक असेलच असे नाही. चालक चाचपडला, की त्याला राहवत नाही. तो उत्तर सांगून टाकतो. तेव्हा त्याला शिकवतात ते असे : गप्प राहा. काय पाहिले, कुठे पाहिले, कोणत्या नियमाशी ताडले, हे आधी लिही. तुझे मत नंतर. वहीतली सही पाहून थांबू नकोस, ती तपासणी ज्याने केली त्याला हाताला धरून यंत्रापाशी ने. खोटी आणीबाणी उभी कर आणि रात्रपाळीला कर. निघालेल्या उणिवांची दोनच पोती : एक, भट्टी पेटवण्याआधी दुरुस्त झालीच पाहिजे अशी, आणि दुसरी, नंतर केली तरी चालेल अशी. कोणती उणीव कोणत्या पोत्यात टाकायची, यावरच सगळे भांडण होते, आणि पथकाच्या प्रमुखावर त्या कारखान्याची कसलीच जबाबदारी असता कामा नये, हा नियम त्या भांडणासाठीच आहे.

एवढे करूनही माणूस तो माणूसच. १९८१ मध्ये थ्री माइल आयलंडच्याच पहिल्या भट्टीच्या परवाना-परीक्षेत नक्कल झाल्याचे उघडकीस आले. होय, त्याच बेटावर, शेजारची भट्टी मोडून पडलेली डोळ्यांसमोर असताना! ती पहिली भट्टी पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर १९८५ उजाडले.

आपल्याकडे ट्रॉम्बेला अणुशास्त्रज्ञ-अभियंत्यांची प्रशिक्षणशाळा १९५७ मध्येच निघाली होती, तारापूरची वीज १९६९ मध्ये सुरू झाली, आणि राजस्थानातल्या रावतभाट्याच्या तिसऱ्या-चौथ्या भट्टीवर व्हिएन्नाचे पथक २०१२ मध्ये येऊन गेले. पण आम्हांला आठवते ती उत्तर प्रदेशातल्या नरोऱ्याची ३१ मार्च १९९३ ची पहाट. टर्बाइनची पाती तुटून आग लागली, वीज सर्वस्वी गेली, नियंत्रण-कक्षात धूर भरला आणि चालकांना तो सोडावा लागला. दिवा विझला की पेटला, हे पाहायला समोर फळीच उरली नाही. माणसे बॅटऱ्या घेऊन अंधारात वर चढली आणि भट्टी पुन्हा पेटू नये म्हणून ठेवलेले बोरॉनचे द्रावण त्यांनी हाताने झडपा उघडून आत सोडले. पाणी पुरवले ते आग विझवण्याच्या डिझेल पंपांनी. कुणालाही इजा झाली नाही. झडप कुठे आहे, हे त्या पहाटे त्यांच्या पायांना आणि हातांना ठाऊक होते.

व्हिएन्नाचे पथक एकदा येऊन गेले, की सुमारे दीड वर्षाने पुन्हा येते. सांगितले होते त्याचे काय झाले, ते पाहायला. आत्याबाईंना एवढा धीर नव्हता. त्या वर्षी भाऊबिजेला त्या परत आल्या. दारात घंगाळे होते, पाय धुतले, ओवाळणीची तयारी चालली होती तिकडे पाहिलेही नाही. ताई शंकरपाळे तळत होती. तिला म्हणाल्या, "परात कुठे आहे?"

परात माळ्यावर गेली होती.