भलत्या ठिकाणची काटकसर

किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजनेची परीक्षा २०२२ पासून होणार नाही आणि ती योजना ‘इन्स्पायर’ या दुसऱ्या शिष्यवृत्ती योजनेमध्ये सामावून घेण्यात येत आहे, हा केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान खात्याचा निर्णय पचतो न पचतो, तोच २०२२च्या सप्टेंबरात गृहसचिवांच्या अध्यक्षतेखाली विज्ञानविषयक खात्यांच्या सचिवांची बैठक भरली, एकट्या विज्ञान व तंत्रज्ञान खात्याच्या २०७ पुरस्कारांवर कात्री चालवण्याची तजवीज तीत झाली, आणि शांतिस्वरूप भटनागर पारितोषिकांची नावे दरसाल ज्या २६ सप्टेंबरला जाहीर होत असत तो दिवसही त्या वर्षी मुका गेला. त्यानंतर राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षेची पाळी आली: योजनेला मिळालेली मंजुरी ३१ मार्च २०२१ पर्यंतचीच होती, पुढे ती आहे त्या स्वरूपात चालवण्यास मान्यता नाही, सबब ती स्थगित. एका वर्षाच्या आत, एकाच दिशेने, तीन घाव पडले. या तिन्ही निर्णयांमागे काही शैक्षणिक विचार असेल असे मानण्यास आम्हाला आधार सापडत नाही. यात दिसते ती दफ्तरदाराची काटकसर, आणि तीही भलत्या ठिकाणची.

हे घाव सर्वांत खोल बसतात ते बी.एस्सी.च्या वर्गातील रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला. बारावीच्या निकालाची यादी लागली की ज्याला अभियांत्रिकीला किंवा वैद्यकीला जागा मिळते तो तिकडे जातो; आणि जो विज्ञान महाविद्यालयात राहतो, त्याच्याकडे नातेवाईक, शेजारीपाजारी, किंबहुना कित्येकदा त्याचे शिक्षकही, गाडी चुकलेला प्रवासी म्हणूनच पाहतात. अशा विद्यार्थ्याला, तू चुकलेला नाहीस, तू निवडलेला आहेस, हे देशाच्या वतीने कोणीतरी सांगावे लागते. शिष्यवृत्तीचे खरे काम हेच आहे. महिन्याच्या पाच हजार रुपयांनी वसतिगृहाची खानावळ भागते, पुस्तके येतात, उन्हाळ्यात एखाद्या प्रयोगशाळेत जाऊन काम करण्यासाठी प्रवासखर्च निघतो, हे खरेच आहे. परंतु त्याहून मोठी गोष्ट अशी की ज्या घरात शिक्षणाचा खर्च पै-पैने मोजला जातो, त्या घरात मुलाच्या आवडीला या पैशाने प्रतिष्ठा मिळते, आणि ‘हे शिकून पुढे काय?’ हा प्रश्न निदान तीन वर्षे तरी तोंडाबाहेर पडत नाही.

‘इन्स्पायर’ची शिष्यवृत्ती आहेच, मग तक्रार कसली, असे कोणी म्हणेल. रकमेबद्दल आमची तक्रार नाही. ‘इन्स्पायर’मध्ये विद्यार्थ्याच्या हाती वर्षाला ६०,००० रुपये पडतात व उन्हाळी प्रकल्पासाठी २०,००० निराळे मिळतात, किशोर वैज्ञानिक योजनेत महिन्याला ५,००० आणि वर्षाकाठी २०,०००ची तरतूद होती. हिशेब जवळजवळ तोच आहे. तक्रार आहे ती निवडीच्या कसोटीबद्दल. ‘इन्स्पायर’चा मुख्य दरवाजा बारावीच्या बोर्डातील गुणांनी, म्हणजे आपापल्या बोर्डात पहिल्या शतांशात असण्याने, उघडतो. किशोर वैज्ञानिक योजनेत मात्र बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला दाखल झालेल्या विद्यार्थ्यासाठी एक स्वतंत्र शाखा होती. बारावीला साठ टक्के मिळवलेल्या मुलालाही तीत परीक्षेला बसता येत असे, आणि त्याची पारख पाठांतरावर न होता विचारशक्तीवर होत असे. हा दुसरा दरवाजा आता भिंत बांधून बुजवला गेला आहे. ज्याची बुद्धी सतराव्या वर्षी उमलली त्याला सरकार ओळखते. ज्याची अठराव्या वर्षी उमलली त्याला ओळखण्याची सोय उरली नाही.

आणि रसायनशास्त्राची बुद्धी बहुधा उशिराच उमलते, कारण ती प्रयोगशाळेत उमलते. ज्या कनिष्ठ महाविद्यालयांतून प्रात्यक्षिके केवळ जर्नलमध्ये उतरवण्यापुरती होतात, तेथील मुलाच्या हाती खऱ्या अर्थाने ब्युरेट येते ती बी.एस्सी.च्या वर्गात. फेरस अमोनियम सल्फेटच्या द्रावणात पोटॅशियम डायक्रोमेट थेंबाथेंबाने सोडीत तो उभा असतो. डायफेनिलअमाइनच्या दर्शकाने एका थेंबासरशी शंकूपात्रातले हिरवट पाणी गर्द जांभळे होते. आणि तीन वाचने जुळेपर्यंत जागचा न हलणारा, न जुळल्यास आपली चूक कोठे झाली ते स्वतःच शोधू पाहणारा एखादा विद्यार्थी त्या वर्गात शिक्षकाच्या नजरेस पडतो. बारावीच्या गुणपत्रिकेवर या मुलाची कोणतीही खूण नसते. त्या मुलापर्यंत पोहोचण्याचे सरकारजवळ जे एक साधन होते, ते सरकारने आपल्या हाताने टाकून दिले.

अशा मुलांची देशाला गरज कोठे लागते हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने चेन्नईच्या अड्यार भागात जावे. तेथे सरदार पटेल रस्त्याला लागून १९४८ साली स्थापन झालेली केंद्रीय चर्म संशोधन संस्था आहे, आणि त्याच रस्त्यावर १९५९ साली सुरू झालेल्या मद्रास आयआयटीचे प्रवेशद्वार आहे. चर्म संशोधन संस्थेला ज्यांनी नावारूपाला आणले ते यलवर्ती नायुडम्मा हे बनारस हिंदू विद्यापीठातून औद्योगिक रसायनशास्त्र शिकून आलेले एका शेतकरी कुटुंबातील गृहस्थ. चामडे कमावणाऱ्या, समाजाने दूर ठेवलेल्या माणसाचा धंदा विज्ञानाच्या आधाराने उभा राहावा, हा त्यांनी आयुष्यभर धरलेला ध्यास. आयआयटीत प्रा. टी. प्रदीप पाण्यातील आर्सेनिक आणि कीटकनाशके अतिसूक्ष्म कणांच्या साहाय्याने काढून टाकण्याचे काम करीत आहेत, आणि ते काम प्रयोगशाळेबाहेर, लोकांच्या घागरीपर्यंत पोहोचले आहे. ही दोन्ही कामे रसायनशास्त्राची आहेत, आणि दोन्ही सामान्य माणसाच्या पोटापाण्याशी जडलेली आहेत.

अड्यारच्या पश्चिमेला वेल्लोरच्या बाजूस गेले की या विद्येची निकड अधिकच जाणवते. आंबूर, वाणियंबाडी, राणीपेट या गावांतील चर्मोद्योगांच्या सांडपाण्याने पालार नदीचे खोरे नासले, विहिरी निकामी झाल्या, आणि अखेर १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाला, जो प्रदूषण करील त्यानेच त्याचे मोल भरावे, हे तत्त्व याच प्रदूषणाविरुद्धच्या खटल्यात घालून द्यावे लागले. निवाडा न्यायालयाने दिला. पण सांडपाण्यात दोष किती हे न्यायाधीश मोजीत नाही. ते मोजतो प्रदूषण नियंत्रणाच्या प्रयोगशाळेतील रसायनज्ञ, आणि तो ज्या रीतीने मोजतो तिच्यातही तेच डायक्रोमेट आणि तेच फेरस अमोनियम सल्फेट असते: गंधकाम्लात दोन तास उकळलेल्या नमुन्यात शिल्लक राहिलेले डायक्रोमेट तो अनुमापनाने काढतो, निळसर हिरवा रंग तांबूस झाला की थांबतो, आणि त्या एका वाचनावर एखादा कारखाना चालू राहावा की बंद व्हावा हे ठरते. आमच्या तारापूरला, लोटे-परशुरामला, रोह्याला, जेथे जेथे रासायनिक कारखाने आणि शेते शेजारी नांदतात तेथे तेथे हाच हिशेब आहे. बी.एस्सी.च्या वर्गातील ज्या हाताकडे आज दुर्लक्ष होत आहे, त्याच हाताच्या अचूकपणावर उद्या एका खोऱ्याचे पिण्याचे पाणी अवलंबून असणार आहे.

लहानशा रकमेने काय होते, असे विचारणाऱ्यांनी इतिहास चाळावा. कमला भागवत, म्हणजे पुढे जीवरसायनशास्त्रात नामवंत झालेल्या कमला सोहोनी आणि दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी, १९३३ साली रसायनशास्त्र घेऊन मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.त पहिल्या आल्या. बंगळूरच्या विज्ञान संस्थेत स्त्री म्हणून नाकारल्या गेल्या. हट्ट धरून आत शिरल्या. आणि मुंबई विद्यापीठाच्या स्प्रिंगर व सर मंगळदास नथुभाई या दोन शिष्यवृत्त्यांच्या बळावर केंब्रिजला जाऊन १९३९ साली डॉक्टरेट घेऊन आल्या. गोव्यातील माशेलचे रघुनाथ माशेलकर विधवा आईच्या कष्टांवर वाढले, शालान्त परीक्षेत राज्यात अकरावे आले, आणि तरीही शिक्षण सोडण्याच्या बेतात होते. तेव्हा दोराबजी टाटा न्यासाचे महिना साठ रुपये त्यांच्या हाती आले, आणि त्यातून मुंबईच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाचा पदवीधर, पुढे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा संचालक व वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचा महासंचालक घडला. महिना साठ रुपये!

जी प्रज्ञाशोध योजना अशी बासनात गुंडाळली गेली तिची कहाणी तर याहून बोलकी आहे. १९६३ साली दिल्लीपुरत्या दहा शिष्यवृत्त्यांनी आरंभ होऊन दुसऱ्याच वर्षी ३५० शिष्यवृत्त्यांनिशी ती देशभर झाली, आणि तेव्हा तिची अट अशी होती की हे वेतन मूलभूत विज्ञान शिकणाऱ्यालाच मिळावे. या अटीचे फळ पाहा. चिदंबरमला जन्मलेल्या आणि बडोद्यात वाढलेल्या वेंकटरामन रामकृष्णन यांना वैद्यकीला प्रवेश मिळाला होता. ही शिष्यवृत्ती मिळाली म्हणून घरच्यांनी त्यांना मूलभूत विज्ञानाकडे जाऊ दिले, आणि सयाजीराव महाराजांच्या नावाच्या विद्यापीठातून १९७१ साली पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन बाहेर पडलेला हा विद्यार्थी २००९ साली रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा मानकरी झाला. पुढे १९७६ साली योजनेचे रूप बदलले, अभियांत्रिकी आणि वैद्यकी तिच्यात आली, मूळ हेतू पातळ झाला; आणि अखेर महाविद्यालयीन विद्यार्थ्याला मिळणारे महिना दोन हजार रुपयेही सरकारला डोईजड झाले.

योजनांची द्विरुक्ती टाळावी, पुरस्कार थोडे पण उच्च दर्जाचे असावेत, ही सरकारची बाजू आहे. शिकवणी वर्गांनी किशोर वैज्ञानिक परीक्षेचा सापळा करून टाकला आणि निवड झालेली अनेक मुले शेवटी अभियांत्रिकीलाच गेली, हाही आक्षेप खरा आहे. परंतु जी मुले अभियांत्रिकीला गेली ती अकरावी-बारावीतून निवडलेली होती, बी.एस्सी.च्या वर्गात आधीच बसलेला मुलगा जाणार कोठे? परीक्षेत दोष होते तर परीक्षा दुरुस्त करावयाची होती. तिचे दार बंद करून दोष जात नाहीत, फक्त उमेदवार जातात. आणि मूठभर उच्च पुरस्कारांचे म्हणावे तर ते आधीच नावारूपाला आलेल्या शास्त्रज्ञाला मिळतात. झरे बुजवून हौदाला संगमरवर लावण्यासारखाच हा प्रकार आहे.

देणग्यांवर उभी असलेली पारितोषिके बंद करण्याची जी भाषा गृहसचिवांच्या त्या बैठकीत झाली तिचा तर निषेधच केला पाहिजे. आचार्य प्रफुल्लचंद्र राय स्वतः गिलख्रिस्ट शिष्यवृत्तीवर एडिंबरोला गेले होते आणि तो ऋणभार त्यांनी जन्मभर मानला: साठ वर्षे पुरी झाल्यावर विद्यापीठाचे आपले सारे वेतन त्यांनी रसायनशास्त्र विभागाला देऊन टाकले, आणि १९२२ साली रसायनशास्त्रातील उत्तम कार्यासाठी नागार्जुन पारितोषिकाचा निधी दिला. आपल्या प्रत्येक विद्यापीठात अशी लहान-मोठी पारितोषिके आहेत. एखाद्या निवृत्त शिक्षकाने गुरूच्या नावाने, एखाद्या पित्याने अकाली गेलेल्या मुलीच्या नावाने, रसायनशास्त्रात पहिल्या येणाऱ्यासाठी ठेव ठेवलेली असते, आणि तिच्या व्याजावर एक पदक दरसाल कोणाच्या तरी घरी पोचते. सरकारच्या तिजोरीतून यात कवडी जात नाही. समाजाने विद्येवर दाखवलेल्या प्रेमाला केंद्रातून मोडता घालण्याचा अधिकार कोणत्या सचिवाला कोणी दिला?

शिवाय ज्या शिष्यवृत्त्या कागदोपत्री जिवंत आहेत त्यांची अवस्था काय आहे हे कोणत्याही महाविद्यालयाच्या कार्यालयातील खिडकीसमोर दुपारी उभे राहिल्यास समजते. बोनाफाइड दाखला, बोर्डाचे पात्रतापत्र, प्राचार्यांच्या सहीशिक्क्याचा नमुना, मागील वर्षाची गुणपत्रिका, पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत. यातील एक अक्षर जुळले नाही की अर्ज परत, आणि सगळे जुळले तरी पैसा कधी येईल याचा भरवसा नाही. राज्याच्या शिष्यवृत्त्यांचा अनुभवही निराळा नाही. पहिल्या वर्षाचे पैसे तिसऱ्या वर्षी हाती आल्याने गतसाली उपाशी काढलेला महिना भरून निघत नाही, आणि ज्याने दरम्यान औषधांच्या दुकानात नोकरी धरली तो प्रयोगशाळेत परतत नाही. अवेळी दिलेली शिष्यवृत्ती ही न दिल्यासारखीच समजावी.

आमचे मागणे थोडे आणि स्पष्ट आहे. बी.एस्सी.च्या पहिल्या व दुसऱ्या वर्षातील विद्यार्थ्यांसाठी, बारावीच्या गुणांचा अडसर न ठेवता, विचारशक्तीची आणि प्रात्यक्षिकाचीही पारख करणारी राष्ट्रीय परीक्षा सरकारने पुन्हा सुरू करावी. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने २००४ पासून पदवीच्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष संशोधनात घेण्याचा जो उपक्रम चालवला आहे त्याचा पायंडा तिच्यासाठी समोर आहेच. निवड झालेल्या प्रत्येकाला उन्हाळ्यात अड्यारच्या, पुण्याच्या, हैदराबादच्या सरकारी प्रयोगशाळांतून हक्काने काम मिळावे, आणि वेतन महिन्याच्या महिन्याला, नोकरदाराच्या पगाराप्रमाणे, खात्यात जमा व्हावे. देणगीदारांच्या पारितोषिकांना कोणीही हात लावू नये. यासाठी लागणारी रक्कम केंद्राच्या अंदाजपत्रकात शोधूनही सापडणार नाही इतकी अल्प आहे. तेव्हा पैसा नाही ही सबब चालणार नाही. विज्ञान व तंत्रज्ञान खात्याने आपला निर्णय मागे घ्यावा, आणि तोही पुढील शैक्षणिक वर्ष उजाडण्यापूर्वी घ्यावा.