मधल्या फळींतील गडी

गेल्या बक्षीस-समारंभांत फुटबॉलचा चषक ज्या मुलास मिळाला त्यानें वर्षभरांत सर्वांहून अधिक गोल केले होते; तेव्हां तो त्यास मिळाला हें योग्यच झालें. परंतु टाळ्यांचा गजर चालू असतां मागच्या रांगेंत बसलेल्या एका पालकांनीं आम्हांस हळूच विचारलें, "सर, ह्याच्या पायाशीं चेंडू आणून कोण देत होतें?" आम्हांस त्या मुलाचें नांव ठाऊक होतें. सभेंत तें कोणींही उच्चारलें नव्हतें.

तेव्हांपासून एका परदेशी खेळाडूचें चरित्र आमच्या मनांत घोळत आहे. आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांच्या वह्यांच्या पुठ्ठ्यांवर त्याचें चित्र चिकटविलेलें असतें. पण त्याची पूर्वपीठिका त्यांपैकीं थोड्यांसच ठाऊक असावी. त्याचें नांव लुका मॉड्रिच.

जे पालक हा खेळ पाहत नाहींत त्यांच्याकरितां थोडा खुलासा करतों. गोलरक्षकापुढें बचावाची फळी असते व सर्वांत पुढें चढाईची; ह्या दोहोंच्या मधली जी जागा, तेथील खेळाडूस दोन्हीकडे राबावें लागतें. शत्रूचा हल्ला आला कीं मागें धांवावयाचें, चेंडू हातीं लागला कीं पुढें न्यावयाचा. चेंडू पायाशीं येण्यापूर्वींच आपले कोण, परके कोण, मोकळी जागा कोठें, हें त्यानें मान वळवून पाहून ठेवलेलें असावें लागतें. कारण चेंडू आल्यावर विचार करूं म्हणणाऱ्याचा चेंडू दुसराच कोणी घेऊन जातो. ह्या मान वळविण्यास प्रेक्षक टाळ्या देत नाहींत. मॉड्रिच पायाच्या बाहेरच्या कडेनें चेंडूस असें वळण देतो कीं तो दोघांतिघांना चुकवून बरोबर सोबत्याच्या वाटेंत जाऊन पडतो. पण गोल होतो तो त्या सोबत्याच्या नांवावर.

लुकाचा जन्म 9 सप्टेंबर 1985 रोजीं क्रोएशियांतील झादर ह्या समुद्रकांठच्या शहरीं झाला. आईबाप आरंभीं विणकामाच्या कारखान्यांत कामास होते. वेलेबिट पर्वताच्या परिसरांत मॉड्रिची नांवाची लहानशी वाडी आहे. तेथें आजोबांच्या सहवासांत तो वाढला. आजोबांचें नांवही लुकाच. 1991 सालीं युगोस्लाव्हिया फुटून युद्ध पेटलें आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत सर्ब बंडखोरांनीं ह्या आजोबांस ठार केलें. घर जळालें. कुटुंब झादरास पळून आलें व निर्वासितांसाठीं उघडलेल्या हॉटेलांत राहूं लागलें. तें निर्वासितपण सात वर्षें चाललें. बाप सैन्यांत गेला. शहरावर तोफांचे गोळे पडत, आणि जरा शांतता झाली कीं हा सहा-सात वर्षांचा पोरगा हॉटेलच्या आवारांत, मोटारी उभ्या करण्याच्या जागेंत, चेंडू लाथाडीत असे.

1992 सालीं त्याचें नांव प्राथमिक शाळेंत घातलें, आणि त्याच वेळीं एका क्रीडाशाळेंतही. तिची फी आईबापांनीं आपल्या तुटपुंज्या पैशांतून भरली. ह्या गोष्टीपाशीं पालकांनीं क्षणभर थांबावें अशी आमची विनंति आहे. घर जळालेलें, बाप युद्धावर, एका खोलींत संसार, आणि मुलाच्या खेळासाठीं पैसे! हा शहाणपणा कीं वेडेपणा? मूल पुढें जगप्रसिद्ध झालें म्हणून आज तो शहाणपणा ठरतो खरा. पण त्या दिवशीं तरी आईबापांस एवढेंच दिसत असावें कीं चेंडूपाशीं असतां आपलें पोर भेदरलेलें नसतें. आमच्या मतें तेवढें कारण फीला पुरेसें होतें.

पुढें स्प्लिट शहरच्या हाय्दुक ह्या नामांकित संघाकडे त्याची परीक्षा झाली. त्या भागांतील प्रत्येक मुलाचें स्वप्न तेंच. परीक्षकांनीं पोरगा पाहिला, खेळही पाहिला, आणि अंगकाठी फारच किरकोळ म्हणून परत धाडलें. लुका हिरमुसून घरीं आला. झादरच्या संघांतील टोमिस्लाव्ह बाशिच हे शिक्षक मात्र हटले नाहींत. त्यांनीं त्यास धीर दिला, शरीर बळकट व्हावें म्हणून व्यायाम करवून घेतला, आणि अखेर झाग्रेबच्या डिनामो संघाचें दार त्याला उघडून दिलें.

हें वाचीत असतां आम्हांस जो चटका बसला त्याचें कारण सांगितलेंच पाहिजे. सुमारें वीस वर्षांपूर्वीं, शिक्षकी पत्करून थोडेच दिवस झाले असतां, शाळेच्या संघाची निवड आम्हांकडे आली. आम्हीं सोपी युक्ति काढली. मैदानालगतच्या भिंतीवर खडूनें एक रेघ ओढली, आणि ज्यांचें डोकें तिच्या खालीं राहिलें त्यांस 'पुढल्या वर्षीं ये' म्हणून सांगितलें. त्यांत आठवीचा एक मुलगा होता. चेंडू त्याच्या पायामागें कुत्र्याच्या पिलासारखा चाले. हें आम्हीं स्वतः पाहिलें होतें, तरीही रेघेकडेच बोट दाखविलें. पुढल्या वर्षीं तो आला नाहीं. आम्हींही बोलावणें धाडलें नाहीं. कारण त्या सालीं संघ जिंकत होता, आणि जिंकणाऱ्यास आपली चूक शोधण्याची निकड भासत नाहीं.

गतवर्षीं जूनमध्यें तेच गृहस्थ आपल्या कन्येचें नांव घालण्यासाठीं शाळेंत आले. ओळख पटतांच हंसून म्हणाले, "सर, ती रेघ अजून आहे का हो?" त्यांच्या बोलण्यांत राग नव्हता. राग असता तर आम्हांस बरें वाटलें असतें.

आमचे कांहीं सहकारी म्हणतील कीं आंतरशालेय सामन्यांत धिप्पाड मुलांपुढें बारकीं पोरें चेंगरतात, हें काय खोटें आहे? खोटें नाहीं. चौदाव्या वर्षीं मिशा फुटलेला मुलगा त्याच वयाच्या किरकोळ मुलास सहज बाजूला सारतो. पण त्यांपैकीं पुष्कळांची उंची अठराव्या वर्षीं सारखीच होते. मात्र बारक्या मुलास दरम्यानचीं चार वर्षें धक्का चुकविण्यासाठीं डोकें चालवावें लागलेलें असतें. तीं चार वर्षें त्यास मैदानावर मिळालीं तर तो लाभ. कुंपणाबाहेर गेलीं तर सगळेंच फुकट.

लुकाचें तसेंच झालें. डिनामोनें त्यास अठराव्या वर्षीं बोस्नियांतील मोस्तारच्या झ्रिन्स्की संघाकडे पाठविलें. तेथील खेळ धसमुसळा. ह्या पोराचा तेथें चुरा होईल असें वाटावें, तर वर्षाअखेर तोच त्या साखळीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. 2005 सालीं डिनामोशीं दीर्घ मुदतीचा करार होतांच आलेल्या पैशांतून त्यानें आईबापांस झादरांत घर घेऊन दिलें. मग 2008 पासून लंडनचा टॉटनहॅम, व 2012 पासून माद्रिदचा रिआल. पहिल्याच वर्षीं एका स्पॅनिश क्रीडापत्राच्या वाचकांनीं, हंगामांतील सर्वांत वाईट खरेदी, असा त्याच्यावर कौल दिला. तोच खेळाडू तेथें तेरा हंगाम टिकला, 597 सामने खेळला आणि युरोपचा अजिंक्य चषक सहा वेळां जिंकला. त्या सर्व सामन्यांत त्याचे गोल किती? अवघे 43. चषकासाठीं आम्ही केवळ गोलच मोजणार असूं तर हा गृहस्थ आमच्या शाळेंत रिकाम्या हातानें घरीं गेला असता.

2018 सालच्या विश्वचषकांतील डेन्मार्कविरुद्धचा सामना आम्हांस विशेष आठवतो. जादा वेळांतलीं शेवटचीं मिनिटें. मॉड्रिचनें मैदानाच्या मध्यांतून असा चेंडू सोडला कीं बचावाची सारी फळी चिरली गेली. सोबत्यास पाडण्यावांचून प्रतिपक्षास उपाय उरला नाहीं आणि पेनल्टी मिळाली. ती घेण्यास कर्णधार म्हणून तोच पुढें झाला, आणि डॅनिश गोलरक्षकानें ती अडविली. थोड्याच वेळानें निकालासाठीं पेनल्ट्यांची फेरी आली. ज्या पायानें नुकताच दगा दिला त्याच पायानें, त्याच गोलरक्षकापुढें पुन्हां उभें राहावयाचें! तो उभा राहिला, गोल केला, व क्रोएशिया जिंकला. परीक्षेंत पहिल्या पेपराला कच खाल्लेल्या मुलांनीं हा प्रसंग अवश्य पाहावा. पुढें रशिया व इंग्लंड ह्यांस हरवून, मुंबई शहराहूनही कमी वस्तीचा तो देश अंतिम सामन्यास पोंचला. 15 जुलै रोजीं मॉस्को येथें फ्रान्सनें त्यांस 4-2 असें हरविलें. स्पर्धेंतील सर्वोत्तम खेळाडूचें पदक मात्र मॉड्रिचला मिळालें. त्याच वर्षीं त्यास 'बालाँ द'ऑर' हा सन्मान लाभला. त्याआधीं सतत दहा वर्षें तो मेस्सी व रोनाल्डो ह्या दोघां गोल करणाऱ्यांवांचून कोणास मिळाला नव्हता.

ह्या चरित्रांत एक पान असेंही आहे कीं तें वगळणें सोपें झालें असतें. डिनामोच्या जुन्या कारभाऱ्यावर खेळाडूंच्या बदलीच्या रकमांत अपहार केल्याचा खटला चालला. 2017 सालीं त्यांत लुकानें दिलेली साक्ष पूर्वीच्या जबाबाशीं जुळली नाहीं. लोक संतापले, आणि ज्या हॉटेलांत तो निर्वासित म्हणून राहिला होता त्याच्याही भिंतीवर त्याच्या निषेधाचीं अक्षरें उमटलीं. 2018 च्या मार्चमध्यें खोट्या साक्षीचा आरोप ठेवण्यांत आला. न्यायालयानें तो त्याच वर्षीं फेटाळला. कारभारी दोषी ठरला. न्यायालयाचा शब्द आम्ही मानतों. तरीही मुलांस सांगावेंसें वाटतें कीं, ज्यानें आपल्याला हात दिला त्याच्याविषयीं न्यायासनापुढें बोलण्याची वेळ येणें ही पेनल्टीहून अवघड गोष्ट आहे, आणि तिचा सराव कोणत्याही मैदानावर होत नाहीं.

कोणी पालक ह्यावरून मुलाचा अभ्यास सोडवून त्यास मैदानावर जुंपणार असतील तर त्यांनीं आमचा लेख वाचलाच नाहीं असें आम्ही समजूं. असा धंदेवाईक खेळाडू लाखांत एखादा होतो, आणि मॉड्रिचप्रमाणें चाळिशीच्या उंबरठ्यावर मिलानच्या संघांत रुजू होणारा तर त्याहून विरळा. आमचें मागणें लहान आहे. निवडीपूर्वीं प्रत्येक मुलास निदान तीन महिने सराव मिळावा. आणि क्रीडा-वहींत गोल करणाऱ्याच्या नांवाशेजारीं, चेंडू कोणी दिला, असा एक रकाना असावा. मुख्याध्यापकांनीं दोन्ही गोष्टींस रुकार दिला आहे.

रकाना आंखून झाल्यावर आम्हीं चषक मिळालेल्या त्या मुलास बोलावून गेल्या वर्षींचे गोल विचारले. त्यानें एकेक आठवून सांगितला, आणि बहुतेक प्रत्येकापुढें, न अडखळतां, एकच नांव लिहविलें.