खोकी नकोत, प्लीज

माझ्या ओळखीतले निम्मे लोक ऑनसाइट आहेत. मुलं मोठी झाली, गॅरेजमध्ये चित्रांच्या पुस्तकांचा ढीग साठला, की त्यांना गावाकडच्या शाळा आठवतात. यंदा नंबर खोडदचा लागला. "तीन खोकी भरलीत, तिकडच्या शाळेत पोचवशील का?" असा मित्राचा निरोप न्यू जर्सीहून. मी म्हटलं, नको पाठवूस. साहेबांना राग आला. म्हणून जरा सविस्तर.

हेतूबद्दल वाद नाही. पुस्तकंही झकास असतात, जाड गुळगुळीत कागद, सुरेख चित्रं. पण आत बर्फाचा माणूस, हॅलोविनचा भोपळा आणि सगळं इंग्रजीत. खोडद पडलं नारायणगावजवळ. टोमॅटो, ऊस आणि उसात दडलेला बिबट्या, हे तिथल्या पोरांचं जग. चित्रं बघून पोरं खूश होतील, मान्य. दोन दिवस.

"इंग्रजी सुधारेल की!" हे उत्तर ठरलेलं. अहो, पहिलीपासून इंग्रजी आपल्याकडे २००० सालीच आलं. पण २००५ पासून निघणारे 'प्रथम'चे 'असर' अहवाल काढून बघा. पाचवीतल्या कितीतरी मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत नाही, तोही शाळेच्याच भाषेतला. आधी मराठी गोष्ट घडाघडा वाचू दे ना त्याला.

खोडदलाच जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, त्यातल्या १४ तिथे जवळजवळ, बाकीच्या आसपासच्या गावांत पसरलेल्या. त्या काही परदेशातून खोक्यात आल्या नाहीत. गोविंद स्वरूप आणि सहकाऱ्यांनी जड पत्र्याऐवजी पोलादी दोरांवर ताणलेली तारेची जाळी वापरली. हलकी, स्वस्त, वारा आरपार. काम काय, हवामान कसं, खिशात किती, हे आधी बघितलं. पुस्तकांसाठी एवढा विचार करायला काय हरकत आहे?

आणि माल इथे आहे हो! ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तकं आहेत, नॅशनल बुक ट्रस्टची आहेत. बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून निघतंय. अरविंद गुप्तांच्या साइटवर ढीगभर पुस्तकं फुकट. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर (२०१५ पासून) मराठी गोष्टी उतरवून घ्या, छापा, वाटा, लायसन्सची भानगड नाही. तीन खोक्यांचं कुरिअर किती पडतं आणि तेवढ्यात अप्पा बळवंत चौकात काय काय येतं, हिशोब करून बघा. पैसे नको असतील तर वेळ द्या. स्टोरीवीव्हरवर कुणालाही गोष्टीचा अनुवाद करता येतो. न्यू जर्सीत बसूनसुद्धा :)

आता खरी अडचण. पुस्तकं मराठी असली तरी ती कपाटात जाऊन बसू शकतात. दान आलं की रजिस्टरला नोंद होते, नोंद झाली की जबाबदारी गुरुजींच्या गळ्यात. एखादं फाटलं किंवा हरवलं तर उत्तर त्यांनी द्यायचं. मग कुलूप लागणारच, त्यात गुरुजींचा काय दोष? म्हणून पुस्तकं देताना सोबत एक पत्र द्या, सहीनिशी: ही पुस्तकं मुलांनी घरी न्यावीत, फाटली-हरवली तर आमची तक्रार नाही, पुढच्या जूनमध्ये तेवढीच पुन्हा देऊ. आणि जूनमध्ये खरंच द्या.