आधी मोजमाप, मग सूत्र

चाल, वेग आणि त्वरण यांची सूत्रे प्रत्येक मुलाच्या वहीत सुंदर अक्षरात लिहिलेली असतात. परीक्षेतही ती बरोबर येतात. तरी त्यांचा अर्थ मुलांना कळला आहे, असे मला वाटत नाही. माझे हे मत कसे बनले, ते सांगतो.

नववीच्या वर्गात मी एक उदाहरण घातले होते. “एक मुलगा ६० मीटर अंतर १ मिनिटात चालतो. त्याची चाल मीटर प्रति सेकंदात काढा.” एका हुशार मुलाने उत्तर लिहिले : ६० मीटर प्रति सेकंद.

“कसे काढलेस?” मी विचारले.

“सर, अंतर भागिले वेळ. साठ भागिले एक, साठ.”

सूत्र अचूक होते; मिनिटाचे सेकंद करायचे तेवढे राहिले होते. खरे उत्तर १ मीटर प्रति सेकंद. मी फळ्यावर ६० ला ३.६ ने गुणले. ताशी २१६ किलोमीटर! सारा वर्ग हसला. तोही हसला. मला मात्र हसू आले नाही. पायी चालणारा मुलगा आगगाडीला मागे टाकतो आहे, हे उत्तर लिहिताना त्याला जाणवलेच नव्हते. पण दोष त्याचा नव्हता. मीच सूत्र आधी शिकवले होते.

दुसऱ्या दिवशी मी वर्ग मैदानावर नेला. दर दहा मीटरवर चुन्याची रेघ आखली. प्रत्येक रेघेवर घड्याळ घेऊन एक मुलगा उभा राहिला. एकाने सरळ धाव घेतली. पहिल्या १० मीटरला ३ सेकंद लागले, पुढच्या १० मीटरला २. मुलांनी स्वतः भागाकार केला : आधी सुमारे ३.३, मग ५ मीटर प्रति सेकंद. “सर, रफ्तार बढ गई!” एकजण ओरडला.

मी विचारले, “वाढली खरी, पण किती वेळात?” या एका प्रश्नातून त्वरण समजते. उर्दू पुस्तकात ज्याला ‘इसरा’ म्हणतात, तेच हे. चालीला दिशा जोडली की वेग होतो आणि वेग दर सेकंदाला किती बदलला, ते त्वरण. उभी असलेली सायकल सरळ रस्त्यावर ४ सेकंदांत ६ मीटर प्रति सेकंद वेग घेते. म्हणजे दर सेकंदाला तिचा वेग दीड मीटर प्रति सेकंदाने वाढतो. हे कळल्यावर ‘मीटर प्रति सेकंद वर्ग’ हे कोडे राहत नाही.

काही शिक्षक म्हणतात, “मैदानावर तास घालवला तर अभ्यासक्रम कसा पुरा होणार?” त्यांची अडचण खरी आहे. पण न समजलेले सूत्र पुन्हा पुन्हा शिकवण्यात किती तास जातात, याचाही हिशेब करावा. गॅलिलिओजवळ तर आजच्यासारखे घड्याळही नव्हते. त्याने उतरत्या फळीच्या खाचेतून गोळी सोडली आणि भांड्यातून गळणारे पाणी तोलून वेळ मोजला. वेळ दुप्पट झाली की गोळीने कापलेले अंतर चौपट होते, हे त्याला मोजमापातून दिसले. १६३८ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याने हा प्रयोग सांगितला आहे.

हा चौपटीचा हिशेब तुमच्या जिवाशी संबंधित आहे. एक मोटारसायकल ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे १० मीटर प्रति सेकंद वेगाने येत आहे. ब्रेक लावल्यावर तिचा वेग दर सेकंदाला ५ मीटर प्रति सेकंदाने कमी होतो, असे धरा. ती २ सेकंदांत थांबेल आणि तोवर १० मीटर पुढे जाईल. आता वेग दुप्पट, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर करा. थांबायला ४ सेकंद लागतील, पण अंतर होईल ४० मीटर. चालकाला ब्रेक दाबण्यापूर्वी एक सेकंद लागला, तर ही अंतरे २० आणि ६० मीटर होतात. शाळा सुटल्यावर धावत रस्ता ओलांडणाऱ्याने आणि मोठेपणी गाडी चालवणाऱ्याने हे आकडे विसरू नयेत.

म्हणून मुलांनो, सूत्र जरूर पाठ करा, पण आधी मोजा. घरापासून शाळेपर्यंतचे अंतर विचारून घ्या, लागणारा वेळ पाहा आणि स्वतःची चाल काढा. मग कोणत्याही उदाहरणाचे उत्तर आले की त्याच्याशी ताडून बघा. माणूस खरोखर इतक्या चालीने जाऊ शकतो का, हे स्वतःला विचारा. ज्याला हा प्रश्न पडतो, त्याला विज्ञान येऊ लागले असे समजावे.